बरण्यांची अदलाबदल

"तुमचे हे किडे जरा गप्प करता येतील का?"

दार न ठोठावताच तो आत आला. शेजारच्या प्रार्थनेच्या सभागृहातला पियानो सुरात लावायला आलेला माणूस... आणि भिंतीपलीकडून रातकिड्यांचा हा गजर!

"ते मला विचारून गात नाहीत," ती फणकारली.

भरदुपारी पडदे ओढून तिनं प्रयोगशाळेत रात्र केली होती, म्हणजे बरण्यांतले किडे गातील. तीन वर्षं ती या किड्यांच्या मागे हात धुऊन लागली होती. नदीच्या अलीकडचे आणि पलीकडचे रातकिडे ही एकच प्रजाती, असं तिचा प्रबंध म्हणत होता. महिन्याभरानं परीक्षकांसमोर ते सिद्ध करायचं होतं.

तो जाता जाता थबकला. "या दोन बरण्यांचा सूर वेगळा आहे."

"ही पलीकडच्या काठाची, ती खिडकीजवळ आहे. उबेनं सूर चढतो."

"मग बरण्यांची अदलाबदल करा की!"

केवढा आगाऊ! तिनं हट्टानं बरण्या बदलल्या. अर्धा तास दोघं अंधारात कान देऊन बसले... चढा सूर त्या किड्याबरोबरच गेला होता. म्हणजे फरक उबेचा नव्हता.

पियानो एका दिवसात लागला असता. त्याला तीन आठवडे लागले.

"प्रजाती म्हणजे तरी काय हो?" एकदा त्यानं विचारलं.

"ज्यांचं आपसात जमतं, ज्यांची वंशवेल पुढे जाते, ती एक."

"आणि जे एकमेकांकडे बघतच नाहीत?" तो तिच्याकडेच बघत होता.

"ते... ते वेगळे." तिचे कान तापले.

मग दोन्ही काठांच्या बरण्यांच्या मधोमध एकेक मादी सोडून त्यांनी पाहिलं. अकराच्या अकरा जणी आपापल्या काठाच्या गाण्याकडे गेल्या.

"बघ! देवानं दोन केले होते, तू एक केलेस."

"एकाचेच दोन झालेत. हळूहळू, नदी मध्ये आल्यावर."

"कुणी पाहिलं?"

"तू ऐकलंस ना!"

तो हसला नाही. त्याचे वडील धर्मोपदेशक होते. सगळे जीव पहिल्या दिवसापासून आहेत तसेच आहेत, ही त्यांच्या घरात काळ्या दगडावरची रेघ होती.

"मला तुझ्याशी लग्न करायचंय," तो हळूच म्हणाला. "बाबांसमोर फक्त एवढंच म्हण, की सगळं जसंच्या तसं निर्माण झालं. एकच वाक्य..."

"खोटं?"

"माझ्यासाठी."

तिला तो हवा होता, जिवापाड हवा होता. तरी तिनं मान हलवली. "नाही जमणार."

तो पुन्हा आला नाही. पियानो मात्र अगदी सुरात होता, मेला.

परीक्षेच्या दिवशी ती परीक्षकांसमोर उभी राहिली. "माझा प्रबंध चुकला आहे," ती म्हणाली. "या दोन प्रजाती आहेत. हे आधी एका पियानो लावणाऱ्याच्या कानाला कळलं."

परीक्षकांनी एकमेकांकडे पाहिलं आणि वर्षभरानं नव्यानं लिहून आणायला सांगितलं. तीन वर्षं पाण्यात गेली. ती बाहेर आली, तर जिन्यावर तो. मागच्या बाकावरून तिचं बोलणं ऐकून तो तिच्याआधीच बाहेर पडला होता.

"आमच्या घरात 'माझं चुकलं' असं कुणी कधी म्हणालेलं मी ऐकलं नाही," तो म्हणाला. "मी आत्ता बाबांना फोन केला. म्हटलं, मी तिला खोटं बोलायला सांगितलं, माझं चुकलं."

"मग?"

"मग म्हणाले, घेऊन ये तिला." तो तिच्याजवळ आला. "देव मी सोडलेला नाही... सोडणारही नाही."

"मी सोड म्हटलंय कुठे? पण त्यांनी विचारलं तर मी खरं तेच सांगणार."

"सांग."

"आणि ते भडकले तर?"

"मी तुझ्या बाजूच्या खुर्चीवर बसेन. उठणार नाही."

परीक्षकांसमोर रोखून धरलेलं रडू तिला आत्ता आलं. तिनं त्याच्याच बाहीला डोळे पुसले.

"चल," ती म्हणाली. "आत्ताच जाऊ."