एक खांदा कमी

ही गोष्ट खरी आहे. असं सुरुवातीलाच म्हटलं की निम्मे वाचक हसतात आणि उरलेले पुरावा मागतात. पुरावा माझ्याकडे नाही. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पुढे जमणार नाही.

भुताच्या गोष्टीला रात्र लागते असं तुम्हाला वाटत असेल. ही दुपारची आहे. मागच्या नोव्हेंबरातला शनिवार, जेवणं नुकतीच आटोपलेली. जागा आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरची, मेयो परगण्यातली. गावाचं नाव सांगणार नाही. माझी ब्रायडी मावशी अजून तिथंच एकटी राहते.

मी नेसा. त्याच भागातली, पण शिकायला समुद्रापलीकडे लिव्हरपूलला, नर्सिंगच्या कॉलेजात. तिथं एका भाड्याच्या घरात आम्ही तिघं राहायचो. मी, वेल्सची कॅरिस आणि लिऑन.

लिऑन अस्सल लिव्हरपूलचा. उंचापुरा, बडबड्या, कोणाचंही सामान न सांगता उचलणारा. माझं त्याच्यावर प्रेम होतं. त्याला सांगायचं राहून गेलं, म्हणून इथं सांगते.

टुमणं त्यानंच लावलं होतं. "आमचा समुद्र, आमचा समुद्र! ऐकून ऐकून कान किटले. या शनिवार-रविवारी दाखव तरी एकदा."

बोटीनं डब्लिन आणि तिथून कॅरिसच्या गाडीतून गाव. पोहोचेपर्यंत शुक्रवार संपला होता. शनिवारी मावशीनं मटण-बटाट्याचा स्ट्यू केला, सोबत घरचा सोडा ब्रेड. लिऑननं भांडं पुसून खाल्लं. मावशी खूश.

"नेसा, या पोराला माझ्याकडेच ठेवून जा गं," ती म्हणाली.

"मी तयार आहे मावशी," लिऑन म्हणाला. "ही मला पाकिटातलं सूप पाजते."

हसत-खिदळतच आम्ही बाहेर पडलो. अंधाराच्या आत या, एवढंच मावशीनं बजावलं.

समुद्राकडे जाणारा आमचा रस्ता जुना, खडीचा. दोन्ही बाजूंना दगडी बांध, त्यापलीकडे दलदलीचा माळ आणि मेंढ्या. कॅरिस आणि लिऑन एका मेंढीचा फोटो काढत मागे रेंगाळले. मेंढी कोणासारखी दिसते यावरून त्यांचं भांडण चाललं होतं. मी पुढे गेले.

थोड्या वेळानं काहीतरी चुकल्यासारखं वाटलं.

मेंढ्या ओरडत नव्हत्या.

मागून भांडणाचा आवाजही येत नव्हता. वारा तर होता. माझे केस उडत होते. पण वाऱ्याचा आवाज…

आवाज नव्हता.

आणि मग… पावलं.

खडीवर वाजणारे बूट. पुष्कळ. सगळे एका लयीत, सावकाश.

मागच्या वळणावरून मयत आलं.

आमच्याकडे रस्त्यात मयत भेटलं की तसंच निघून जायचं नाही. ओळखीचं असो-नसो, थांबायचं आणि चार पावलं सोबत चालायचं. ही सवय डोक्यात नसते, पायांत असते. मी विचार न करता थांबले, मान खाली घातली आणि ते जवळ आले तशी सोबत चालू लागले.

चालता चालता एकेक गोष्ट लक्षात यायला लागली.

पाद्री नव्हता. मागे गाड्या नव्हत्या. कोणी जपमाळेवर प्रार्थना म्हणत नव्हतं, कोणी रडत नव्हतं. साधीच माणसं, जाड कोट, डोक्यावर टोप्या. पाऊस दोन दिवसांत झाला नव्हता, तरी सगळे गुडघ्यापर्यंत ओले होते.

आणि शवपेटीचा पुढचा डावा कोपरा… खाली झुकलेला होता.

त्या कोपऱ्याखाली माणूसच नव्हता.

पाच जण पेटी वाहत होते. सहाव्याची जागा रिकामी. मागून चालणाऱ्यांपैकी कोणीही पुढे होत नव्हतं.

आता हे तुम्हाला पटेल की नाही कोण जाणे. पण मयताला खांदा कमी पडतोय आणि धडधाकट माणूस नुसता बघत चालतोय, असं आमच्याकडे होत नाही. लाज वाटते. हल्ली बायकाही खांदा देतात. बाबा गेले तेव्हा मी दिला होता. मी पुढे झाले आणि त्या कोपऱ्याखाली शिरले.

शेजारच्या माणसानं माझ्या पाठीवरून हात टाकला. तोल राहावा म्हणून टाकतातच. मीही त्याच्या पाठीवरून टाकला. कोट थंडगार, ओला.

कोटाच्या आत… पाठ नव्हती.

मी ओरडले असेन. मला माझाच आवाज आला नाही.

पेटी जड होती. मी वाट बघत होते, आता कोणीतरी येईल आणि खांदा बदलेल. थोड्या अंतरावर बदलतातच. कोणी येईना. गावची दफनभूमी केव्हाच मागे राहिली होती. आम्ही उलट्या दिशेनं चाललो होतो.

समुद्राकडे.

रस्ता संपला, वाळू लागली. मी बाहेर निघायला बघत होते. पण माझा खांदा काढला तर पेटी पडेल, ही भीती त्याही वेळी मनात होती. आपल्यामुळे कोणाचं मयत वाळूत पडायला नको. आता आठवलं की माझं मलाच नवल वाटतं.

पुढचं कॅरिसनं पाहिलं ते असं. मी एकटीच चालले होते. एका अंगानं वाकलेली, एक हात हवेत कोणाच्या तरी पाठीवर ठेवल्यासारखा. भरती येत होती आणि मी पाण्यात शिरले होते. तिला दुसरं कोणीही दिसलं नाही.

लिऑन धावत आला. त्याचा आवाज मात्र मला ऐकू आला.

"नर्सबाई, बुटांसकट आंघोळ?" मला तो नेहमी याच नावानं हाक मारायचा.

"लिऑन, मला निघता येत नाहीये. कोणीतरी घ्या ना. खूप जड आहे."

"काय जड आहे?"

"पेटी."

त्यानं माझ्या खांद्याकडे पाहिलं. त्याला काही दिसलं नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. त्याला एवढंच दिसलं की मी रडतेय.

"बरं, रडू नकोस. दे इकडे," तो म्हणाला. बाजारातून येताना माझ्या हातातल्या पिशव्या घ्यायचा ना, अगदी त्याच सुरात. "मी घेतो."

तो वाकला आणि त्यानं आपला खांदा माझ्या खांद्याला भिडवला.

माझं ओझं गेलं. मी पाण्यात पडले. नाकातोंडात खारट पाणी गेलं आणि एकदम सगळे आवाज परत आले. वारा, लाटा, कॅरिसचं किंचाळणं.

वर पाहिलं तर समुद्र आणि लिऑन. बाकी कोणी नाही.

लिऑन अजून हसत होता. मग त्याचं हसू हळूहळू गेलं. उजवा खांदा खाली दबला. गुडघे वाकले.

"अरे," तो म्हणाला, "हे तर खरंच आहे."

आम्ही दोघींनी त्याला ओढत रस्त्यावर आणलं. तो आला. पण एकटा आला नाही.

मावशी दारातच होती. लिऑनला त्या वाकड्या चालीनं येताना पाहून तिच्या हातातलं फडकं गळून पडलं.

"कोणाच्या मयताला गेला होतात?" तिनं विचारलं.

मी सांगायला लागले. तिनं पुरतं ऐकूनही घेतलं नाही. आमच्याकडे सकाळी रेडिओवर गेलेल्यांची नावं वाचतात. मावशी चहा पिता पिता ती ऐकते, एकही दिवस चुकवत नाही.

"आज आपल्या भागातलं कोणी नव्हतं," ती म्हणाली.

मग तिनं स्वयंपाकघरातल्या दोन खुर्च्या ओढत अंगणात आणल्या आणि समोरासमोर मांडल्या. आमच्या घरांत पेटी अशीच दोन खुर्च्यांवर टेकवतात.

"ठेव बाळा इथं. सावकाश."

लिऑन खुर्च्यांजवळ गेला, वाकला. त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या. मग तो तसाच उभा राहिला.

"जमत नाही मावशी. ते थांबतच नाहीत."

"कोण?"

"ते सगळे. मी इथं उभा आहे ना? पण ते… चालतायत."

कॅरिस रडायला लागली. मावशीनं खुर्च्या उचलल्या नाहीत. ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "उद्या पहिली बोट पकडा. पाणी ओलांडलं की सुटतं म्हणतात." तिच्या आवाजावरून कळत होतं, तिचाच त्यावर विश्वास नव्हता.

पण बोटीवर लिऑनला बरं वाटलं. हलकं झालंय, म्हणाला. चहा प्यायला, कॅरिसची थट्टासुद्धा केली. मला वाटलं, सुटलो एकदाचे.

लिव्हरपूलला त्याचा खांदा तपासून घेतला. हाडं ठीक, स्नायू ठीक. डॉक्टर म्हणाले, ताण आलाय, आराम करा. लिऑन मात्र दारातून जाताना एका अंगानं वाकायचा, वरचं काहीतरी चौकटीला लागू नये म्हणून. रस्त्यात संथ चालायचा. मागची माणसं वैतागून पुढे निघून जायची.

एकदा जेवताना कॅरिस सहज म्हणाली, "दे रे थोडा वेळ मला. तेवढाच तुला आराम."

लिऑन ताडकन उठला. खुर्ची मागे पडली. "गमतीतसुद्धा म्हणू नकोस!"

त्याला ओरडताना आम्ही पहिल्यांदाच पाहत होतो.

मीही प्रयत्न केला. तो ओट्याशी भांडी घासत होता. मी त्याच्या उजव्या बाजूला जाऊन खांद्याला खांदा लावायला गेले. "माझंच होतं ते ओझं. परत दे."

तो झटकन दूर झाला. "नर्सबाई, उतरतंय ते. रोज थोडं हलकं होतंय. खरंच. तू मध्ये पडू नकोस."

मी विश्वास ठेवला. मला ठेवायचाच होता. आणि तो सुधारतही होता. पाठ सरळ होत होती, चाल मोकळी होत होती. नाताळात त्याला सांगायचं, असं मी ठरवूनही टाकलं.

नाताळ तोंडावर आला होता. मी वॉर्डात होते, जेवणाची सुट्टी चालू होती. लिऑनचा फोन आला.

"नेसा."

त्यानं मला नावानं हाक मारली.

"आज वजनच नाहीये गं."

"मग छानच की!"

"नाही. नुसती लाकडं आहेत खांद्यावर. मला वाटतं… पेटीत कोणी नाहीये."

मी उठून उभी राहिले.

"आणि ते थांबलेत."

"कोण थांबलेत? लिऑन, तू आहेस कुठं?"

"घरीच. स्वयंपाकघरात. त्यांनी पेटी खाली ठेवलीय. झाकण काढलंय."

"कॅरिस आहे का घरात? लिऑन, बाहेर पड. आत्ताच्या आत्ता रस्त्यावर जा!"

त्याचा श्वास मला ऐकू येत होता. मग अगदी हळू म्हणाला, "सगळे माझ्याकडे बघतायत."

फोन बंद झाला नाही. मी त्याला हाका मारत राहिले. आणि मग पलीकडून…

पावलं. खडीवरची. पुष्कळ, एका लयीत.

आमच्या स्वयंपाकघरात फरशी आहे.

मी वॉर्डाच्या कपड्यांतच घरी धावले. त्याचे बूट दाराशी होते, कोट खुंटीला. ओट्यावरचा चहा कोमट होता. फोन जमिनीवर, चालूच. लिऑन नव्हता.

पोलिसांनी शोध घेतला, नदीतही पाहिलं. गल्लीतल्या कॅमेऱ्यात त्या दुपारी आमच्या घरातून कोणीही बाहेर पडलेलं नाही. कॅरिस वेल्सला परत गेली. ती या विषयावर बोलत नाही आणि मी तिला दोष देत नाही.

लिऑनची आई, शेरल, मला दर रविवारी फोन करते. आधी विचारायची, तो उदास होता का, कोणाशी भांडला होता का. आता विचारत नाही. मागच्या रविवारी म्हणाली, "निदान शरीर तरी सापडावं गं. चार माणसांनी माझ्या पोराला खांदा द्यायला नको का?"

मी फोन कानाला लावून नुसती रडत राहिले. दुसरं काय करणार?

तेव्हापासून मी गावी बऱ्याच वेळा गेले. दरवेळी दुपारी त्या खडीच्या रस्त्यावर फिरते. मावशीला ते कळलं. ती माझ्या हाताला धरून म्हणाली, "पुन्हा ते दिसले तर पाठ फिरवायची आणि पळायचं. पाप लागलं तर माझ्या डोक्यावर. शपथ घे."

मी शपथ घेतली. खोटी.

ते भेटले तर मी काय करीन, ते मला ठाऊक आहे. मला त्याचीच भीती वाटते. पेटीत आता लिऑन असेल. आपल्या माणसाला खांदा द्यायला कोणी नाही म्हणतं का?