आत: २

हे घडलेलं आहे. पटत नसेल तर म्वान्झाला जाऊन काबुलाला विचारा. हल्ली ती दुसरं काही बोलतच नाही.

रात्र नव्हती, भर दुपार होती. जागा, सरोवराकाठचं मासळीचं शीतगृह.

तिथं कार्ड दाखवून आत जायचं, कार्ड दाखवूनच बाहेर यायचं. दार लागलं आणि आतली माणसं शून्यापेक्षा जास्त असली, की संगणकातली स्क्रिप्ट घंटा वाजवणार. पण घंटा आत कुणी नसतानाही वाजायची. वैतागून साहेबांनी तिची वायर काढली. त्यांच्याकडे मासळीची मोजणी चोख. माणसांचं तेवढं राहून जायचं.

मग पेट्या लावणारा लुहेंदे आत अडकला...

सकाळी गोठलेला सापडला.

त्यानंतर स्क्रिप्ट काबुलाकडे आली, तिथली संगणकाची कामं तीच बघायची. तिला चूक लगेच दिसली. अटीत `>` होतं. शेलमध्ये, म्हणजे स्क्रिप्ट जिथं चालते तिथं, हे चिन्ह मोठं-लहान बघत नाही. पुढं जे लिहिलंय त्या नावाची फाइल बनवून मोकळं होतं. म्हणजे अट कायम खरी. फोल्डरमध्ये '0' नावाची रिकामी फाइल कधीची पडलेली. ही कुणाची, असं कुणी विचारलं नव्हतं.

तिनं त्याजागी `-gt` लिहिलं, 'पेक्षा जास्त' असं खरंच तपासणारं. फाइल पुसली. वायर जोडली.

घंटा गप्प झाली.

एका दुपारी सगळे बाहेर जेवत होते आणि...

घंटा वाजली.

स्क्रीनवर आत: १.

दार उघडलं. मासळी. बर्फ. माणूस नाही.

नोंदीत कार्ड लुहेंदेचं. जे त्याच्यासोबतच पुरलं होतं.

"तुझ्यापेक्षा ती जुनी चूक बरी होती गं!" साहेब म्हणाले.

"साहेब, अट बरोबर आहे."

"मग लुहेंदे आत आहे म्हण की! हजेरी लावू त्याची?"

सगळे हसले. वायर पुन्हा निघाली.

सोमवारी तिचा भाऊ मगांगा पेट्या लावायला एकटाच आत गेला. दार मागून लागलं.

आत: २.

काबुला धावली. दार ओढलं. मगांगा समोरच उभा. बाहेर आला, कार्ड दाखवलं.

"दादा!"

"ओरडतेस काय? आलो ना."

तिनं स्क्रीनकडे पाहिलं...

आत: २.

मगांगा रोज घरी येतो. चेष्टामस्करी करतो. मक्याच्या पिठाची उगाली मात्र पार गार झाल्याशिवाय तोंडात घालत नाही.

काबुला रोज ती स्क्रिप्ट उघडते, ओळन् ओळ वाचते. आता तिला चूकच हवी आहे. एक तरी.

सापडत नाही.