मागच्या दाराची कडी

क्लॉटीलबाईंनी रविवारची जांभळी टोपी घातली, पर्समध्ये चष्मा आणि दोन उकडलेली अंडी टाकली, आणि भाचीच्या गाडीतून त्या राज्याच्या राजधानीला फाईल वाचायला निघाल्या. अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात काळ्या लोकांवर सरकारने ठेवलेल्या पाळतीचे कागद कोर्टाने एकदाचे खुले केले होते. बाईंचा नवरा होझिया मतदार यादीत नाव कसं घालायचं ते लोकांना शिकवायचा. चौसष्ट साली शेरिफची, म्हणजे तिथल्या पोलीसप्रमुखाची, माणसं त्याला घेऊन गेली, तो गेला तो गेलाच. कुठे पुरलाय एवढं कळलं तरी डोळे मिटेन, असं बाई चौतीस वर्षं म्हणत होत्या.

"आत्या, त्रास होईल हं," डेनीस म्हणाली.

"व्हायचा तो होऊन गेला गं."

फाईल उघडली आणि बाईंना चक्क हसू फुटलं. मेल्यांनी काय काय लिहून ठेवलं होतं! समोरच्या पिकानच्या झाडाखाली राखाडी गाडीत एक जण रोज बसायचा. होझियाची शीळ, मासे तळल्याचा वास, बाईंचा पिवळा झगा, सगळं त्याने टिपलं होतं. 'सदर इसम नेहमीप्रमाणे बूट हातात घेऊन मागच्या दाराने आत गेला.' पुसलेल्या फरशीवर चिखल आणलास तर बघ, असा बाईंचाच दम होता तो. काय सोन्यासारखे दिवस होते! त्या पाळतीवरच्या मेल्यामुळे का होईना, ते परत हातात आले. बाईंनी डोळे पुसले.

मग जूनची ती तारीख आली. 'सदर इसमास शेरिफच्या ताब्यात दिले.' कुठे नेलं, एक अक्षर नाही. बाईंनी पान उलटलं.

दुसऱ्या दिवसाची तारीख होती. 'सदर इसम संध्याकाळी परतला. मागच्या दारास आतून कडी. पायरीवर बसून राहिला.'

पुढच्या पानावर तेच. त्याच्या पुढच्याही. 'कडी. बसून राहिला.' 'पत्नी आत रडत आहे. इसम शीळ घालतो. तिला ऐकू जात नाही.'

त्याला नेलं त्या दिवशी भीतीने घातलेली ती कडी बाईंनी पुन्हा कधी काढलीच नव्हती.

शेवटच्या पानावर कालची तारीख होती.

त्यांनी ते कारकुनाला दाखवलं. त्याने यादी काढून पानांचे नंबर ताडून पाहिले. "ते पाळतीचं खातं बंद होऊन पंचवीस वर्षं झाली, बाई... ही पानं आमच्या यादीत नाहीत."

परतल्यावर डेनीसला बाईंनी फाटकातूनच घरी पाठवलं, मासे तळले, दोन ताटं मांडली. गंजलेल्या कडीवर तेल सोडलं आणि दोन्ही हातांनी ती ओढली. दार उघडं ठेवून त्या ताटांकडे वळल्या.

"ये रे... वेडी मी. इतकी वर्षं तुला बाहेर बसवलं..."

पायरी करकरली. ओल्या मातीचा वास आला. काहीतरी जड, जोडीने, हळूच खाली ठेवल्याचा आवाज झाला. बाईंनी मागे वळून पाहिलं नाही. त्या रडत रडत हसत होत्या.

मग त्यांचं लक्ष समोरच्या खिडकीकडे गेलं. ते पिकानचं झाड तोडून कैक वर्षं झाली होती. तिथे, त्याच्याच सावलीत, राखाडी गाडी उभी होती, आणि आतला माणूस मान खाली घालून काहीतरी लिहीत होता.