लाडावलेली रानफुलं

रस्त्याच्या कडेचं लालभडक रानफूल तोडायला ती वाकली आणि मागून आवाज आला, "अहो, राहू द्या! घरी पोचेपर्यंत मान टाकेल ते."

चिखलाने माखलेले बूट, हातात झारी. शेजारच्या रोपवाटिकेचा माळी. दिसायला... बरा होता.

"मग ताईच्या लग्नात टेबलांवर काय ठेवू? तुमचं डोकं?"

"ठेवा की! पण ते लाल नाही."

ती हसली आणि तिथेच फसली. मावशीच्या फुलांच्या दुकानात आजवर तिने नुसते गुच्छ बांधले होते. ताईच्या लग्नाचा हॉल हे तिचं पहिलं मोठं काम. मावशीने बजावलं होतं, "जमलं तर पुढची सजावट तुझी, नाहीतर आहेच आपलं काउंटर." आणि ताईला हवा होता हाच लाल रंग.

लग्नाला तीन महिने होते. माळ्याने कुंड्यांत बी पेरून दिलं आणि ती रोज संध्याकाळी येऊ लागली. रोपं बघायला, दुसरं काय! तो पाणी घालायचा, ती कठड्यावर बसून त्याची फिरकी घ्यायची. रोपं हिरवीगार, गुबगुबीत झाली. पण लग्न आठवड्यावर आलं तरी एक कळी दिसेना.

"पाणी किती घालता?" तिने एकदाचं विचारलं.

"रोज... भरपूर."

"आणि खत?"

"तेही."

"अहो, रानातलं झाड ते! खाऊनपिऊन नुसतं सुटलंय. माळी ना तुम्ही? कळत नाही?"

"कळतं हो." त्याचे कान लाल झाले. "पण पाणी घालून झालं की तुम्ही निघायचात... म्हणून मी आणखी एक झारी भरायचो."

तिला हसू आलं आणि रडूही. "माझं पहिलं काम होतं ते," ती कशीबशी म्हणाली. त्याने मान खाली घातली. डोळे पुसून तिने विचारलं, "सगळं बी इथेच पेरलंत?"

"उरलेलं शेडमागच्या फुटक्या खोक्यांत टाकलं. तिकडे फिरकलोच नाही."

दोघं धावत सुटली. शेडमागे कोरड्या मातीत खोकी लालेलाल झाली होती!

लग्नाच्या दिवशी ती खोकी तिने तशीच, मातीसकट टेबलांवर मांडली. मावशीने आधी नाक मुरडलं. मग पाहुणे ताईला सोडून फुलांचेच फोटो काढू लागले, तेव्हा हळूच म्हणाली, "पुढच्या महिन्यातला हॉलही तूच बघ."

माळी कोपऱ्यात इस्त्रीच्या शर्टात अवघडून उभा होता. ती त्याच्यापाशी गेली.

"आता संध्याकाळी जमायचं नाही. कामं आहेत मला."

त्याचा चेहरा पडला.

"सकाळी येईन."

"रोपं बघायला?" त्याने घाबरत विचारलं.

"रोपं गेली खड्ड्यात," ती म्हणाली. "तुम्ही आवडता मला."

एवढं ऐकून त्या शहाण्याने काय करावं? समोरचं खोकं उचललं आणि पुन्हा होतं तिथेच ठेवलं. मग मात्र तिनेच त्याचा हात धरला.