डोक्याशी कोण?

माणूस हा मुळात विवेकी प्राणी आहे, असं डॉ. उज्वला गायधनी यांचं ठाम मत होतं. बाकी सगळा रसायनांचा खेळ. रसायन बिघडलं की माणूस बिघडतो, योग्य रसायन दिलं की ठिकाणावर येतो. हे त्या सिस्टर स्नेहलला समजावत होत्या, तेव्हा तो विवेकी प्राणी त्यांच्या स्टेथोस्कोपची नळी चावत होता.

प्राण्याचं नाव चिमाजी. मखमलाबादकडे झेंडू पिकवायचा. मेहुण्याच्या हळदीतून थेट कॅज्युअल्टीत आला होता, अंगावर अर्धी हळद तशीच. नाशिकला वाइनची राजधानी म्हणतात, पण वाइन पिऊन पलंगावर उभा राहिलेला पेशंट उज्वलाबाईंनी अजून पाहिला नव्हता. इथे येणारे सगळे देशीचे निष्ठावंत.

उज्वलाबाईंचं कौतुक असं, की त्या सुईला घाई करत नसत. आधी साखर तपासायची, डोक्याला मार आहे का बघायचं, मग बोलायचं.

"चिमाजीभाऊ, मी डॉक्टर. इथे तुम्हाला कोणी मारणार नाही. पाणी देऊ?"

"तू मला वळखत नाय अजून!" म्हणत भाऊंनी सलाइनचा स्टँड गदेसारखा उचलला.

त्याची बायको नवसाबाई पदराने तोंड झाकून दाराशी उभी होती.

"ताई, घरी काही औषध दिलंत का ह्यांना?"

"नाय बा. औषध कशाला देऊ?"

मग नेहमीची कवायत. ब्रदर अमोल उजव्या हाताला, वॉचमन रविराज डाव्या. दोन्ही पायांवर अंबूबाई. ह्या मावशींचं वजन हे तिथलं सगळ्यात जुनं आणि खात्रीचं औषध होतं. स्नेहल सुई घेऊन मांडीशी. उज्वलाबाई मॉनिटरकडे डोळे लावून.

"डोक्याशी कोण?" त्यांनी न वळता विचारलं. ती जागा महत्त्वाची. तिथला माणूस डोकं आपटू देत नाही, चावू देत नाही, आणि श्वास अडला तर पहिला त्यालाच कळतो.

"मी आहे," एक बाई म्हणाली. शांत, सरावलेला आवाज.

इंजेक्शन गेलं. चिमाजी उसळून डोकं उचलायला गेला, पण डोकं उचललंच गेलं नाही. कपाळावर आलेले घामेजले केस हळूच मागे सरले. त्याच्या शिव्या अडखळल्या, मग थांबल्या.

"हो ताई," तो लहान पोरासारखा म्हणाला. "नाय मारत कोणाला."

उज्वलाबाईंना हेवा वाटला. आपण एवढं गोड बोललो तर स्टँड उचलला, आणि ही कोण गुणाची बाई, जिने दोन शब्दांत गार केला!

"मॅडम, औषध लागायच्या आधीच झोपला की हा," अमोल हसला.

चिमाजी घोरायला लागला. मग घोरणं थांबलं. मॉनिटरचा सूर खाली खाली उतरू लागला.

"नवसाबाई! खरं सांगा, काय दिलंत?"

"औषध नाय दिलं हो! सासूच्या झोपेच्या गोळ्या दिल्या, ताकातून. मांडवात शोभा नको म्हणून!" ताकातून दिलेली वस्तू जेवणात मोडते, असा त्यांचा हिशेब होता.

दारू, गोळ्या आणि वर इंजेक्शन. जीभ मागे पडली की घसा बंद, आणि खेळ खलास. उज्वलाबाई श्वास द्यायचा फुगा आणि मास्क घेऊन डोक्याकडे धावल्या, पण पलंगाचं डोकं भिंतीला टेकलेलं होतं. तिथे उभं राहायला बोटभरही जागा नव्हती. पलंग ओढायला त्या वाकल्या आणि तशाच थांबल्या.

चिमाजीचा जबडा वर उचललेला होता.

अगदी शिकवतात तसा. दोन्ही कानांखाली जबड्याच्या कोपऱ्याला बोटं लावून, पुढे ओढून. कातडीवर बोटांच्या खाचा पडल्या होत्या. खाचांभोवती रक्त हटून पांढरं झालं होतं.

अमोलने दोन्ही हात वर करून दाखवले. रविराजनेही. स्नेहलच्या हातात ट्रे होता. अंबूबाई पायांवरून उठल्या होत्या.

खाचा हलल्या नाहीत.

इतका नेमका हात उज्वलाबाईंनी कॉलेजात सरांचाही पाहिला नव्हता. त्यांनी बाजूने मास्क लावला, फुगा दाबला. छाती उठली. पुन्हा दाबला. पुन्हा उठली.

"सोडू नका हं," त्या म्हणाल्या. कोणाला, ते त्यांनी ठरवलं नाही.

"नाही सोडत."

मॉनिटरचा सूर एकेक पायरी वर चढत गेला.

संध्याकाळी चिमाजी शुद्धीवर आला. उज्वलाबाईंनी श्वास ऐकला, डोळ्यांत बॅटरी मारली. सगळं ठाकठीक. फक्त तो सरळसोट पडून होता. बायको रडत "अवो, इकडं बघा ना," म्हणाली, तरी मान वळवली नाही.

"मान दुखते का?"

"नाय मॅडम." त्याने फक्त डोळे वर, भिंतीकडे नेले, आदराने, जसं वडीलधाऱ्याकडे बघतात. "तुमच्या ह्या ताई लय भल्या हायत. पण तुम्ही सांगितल्याबिगर सोडायचं नाय, म्हणत्यात. तेवढं जरा सांगता का? चहा गार व्हतोय."