उजवा काटा

कारखान्यात तिला सगळे मिलीमीटरबाई म्हणायचे. तोंडावर नाही, पाठीमागे. पण तेव्हा तिचे कान शाबूत होते, त्यामुळे तिच्यापर्यंत ते पोचायचंच. नाव पडलं एका नॉबवरून. आवाज कमीजास्त करायचा गोल नॉब पुढच्या पट्टीच्या किती बाहेर यावा, यावर तिने मुख्य अभियंत्याशी तीन आठवडे भांडण लावून धरलं होतं. त्याचं म्हणणं बारा मिलीमीटर, हिचं साडेबारा.

"अर्ध्या मिलीमीटरने काय आभाळ कोसळणार आहे?" त्याने विचारलं.

"मला नका विचारू. बोटांना विचारा."

शेवटी त्याने वैतागून दोन नमुने बनवून घेतले, डोळे मिटून दोन्ही फिरवून पाहिले, आणि साडेबाराच्या आराखड्यावर सही केली.

अॅम्प्लिफायरचा दर्शनी भाग आखणं हे तिचं काम. आतल्या तारा नि दिवे दुसरे बघायचे. माणसाच्या डोळ्यांना जे दिसतं आणि हाताला जे लागतं, ते सगळं तिचं. घासून मऊ केलेली अॅल्युमिनियमची पट्टी, दोन्ही बाजूंना अक्रोडाचं लाकूड, कळ दाबली की पोटातून येणारा 'टक्' असा भरीव आवाज, आणि मधोमध काचेच्या दोन खिडक्या. खिडक्यांत मधाच्या रंगाचा उजेड आणि प्रत्येकीत एक काळा बारीक काटा. डावा डाव्या स्पीकरचा, उजवा उजव्याचा. गाणं चढलं की काटे उठायचे, उतरलं की पडायचे. काटा उठावा चटकन आणि दमलेल्या माणसाने खुर्चीत बसावं तसा सावकाश पडावा, हाही तिचाच हट्ट.

पुढे प्लॅस्टिकचे हलके डबे आले, कारखान्याला कुलूप लागलं, आणि शेवटच्या तुकडीतला एक संच तिने घरी आणला. त्यालाही आता तीस वर्षं झाली होती.

दोन वर्षांपूर्वी एका तापात तिचे दोन्ही कान गेले. कानात घालायची यंत्रं झाली, डॉक्टर झाले, काही उपयोग झाला नाही. पण ती रडत बसणाऱ्यांतली नव्हती. ओठ वाचायला शिकली. दाराच्या घंटेला दिवा जोडून घेतला. आणि रोज दुपारी चारला ती पहिल्यासारखीच रेकॉर्ड लावायची. एक तळहात स्पीकरच्या लाकडावर ठेवायचा आणि डोळे काट्यांवर. गाणं अंगात यायचं ते हातातून आणि डोळ्यांतून.

तिच्याबरोबर राहायची तिची पुतणी, मोठ्या भावाची मुलगी. रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरीला होती. सकाळी जायची, दुपारी परतायची. मनाने चांगली, फक्त घाईची. हे घर आता दोघींना पेलेनासं झालं होतं, तीन जिने आत्याच्या गुडघ्यांना झेपत नव्हते. पुतणीने तळमजल्यावरचं एक लहान घर बघून ठेवलं होतं.

"आत्या, सगळं नेऊ," ती समोर बसून, ओठ नीट हलवत म्हणाली होती. "पण हे धूड नाही मावणार गं. आणि तुला ऐकूही येत नाही."

"टक्कल पडलेल्याने कंगवा ठेवू नये, असा कायदा आहे का?" आत्या म्हणाली, आणि विषय तिथेच तुटला.

त्यानंतरच्याच मंगळवारची गोष्ट. चारची रेकॉर्ड संपली. सुईचा दांडा आपोआप उचलला जाऊन जागेवर गेला, तबकडी थांबली, तळहाताखालचं लाकूड गप्प झालं. आत्या उठणार, तेवढ्यात तिचं लक्ष खिडक्यांकडे गेलं.

डावा काटा हलत होता.

थोडा उठायचा, पडायचा, दोनदा झटके द्यायचा, थांबायचा. गाण्याचे काटे कसे नाचतात हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? हा नाच नव्हता. यात ठेका नव्हता. तिने आवाजाचा नॉब शून्यावर आणला. काटा हलतच राहिला. तिने संच बंद केला. मधाच्या रंगाचा उजेड विझला, आणि अंधाऱ्या काचेमागे काटा तसाच उठत-पडत राहिला.

ती घाबरली नाही. तिला राग आला. आपण आखलेली वस्तू आपल्याला न विचारता वागते, याचा.

दुसऱ्या दिवशी तिने पद्धतशीर तपासणी सुरू केली. स्पीकर उलट्या बाजूने वापरला तर आवाज टिपतो, हे तिला माहीत होतं. म्हणून आधी स्पीकरच्या तारा काढल्या. मग भिंतीतली पिन काढली. जमीन थरथरत असेल म्हणून संचावर काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला ठेवला. पाणी आरशासारखं स्थिर. काटा चालू. शेवटी तिने वरचं झाकण उघडून काट्याच्या मागची वायर चिमट्याने कापली. आता काटा म्हणजे हवेत टांगलेला पत्र्याचा एक तुकडा होता, बाकी काही नाही.

काटा उठला, दोन झटके दिले आणि सावकाश खाली आला.

त्याच क्षणी पुतणी दारातून आत आली. आत्याकडे वळून ओठ हलवले, "आलेऽ गं!"

एक लांब, एक आखूड. दोन झटके.

आत्या तिच्याकडे पाहतच राहिली. आधी वाटलं, डोळ्यांची चूक असेल. पण त्या संध्याकाळी पुतणी समोर बसून दिवसभराचं सांगत होती आणि आत्या तिच्या खांद्यावरून काट्याकडे बघत होती. काटा आधी, ओठ नंतर. मधे बरोबर 'एक' म्हणण्याइतका वेळ. पुतणी हसायच्या आधी काटा थरथरायचा. ती गप्प होण्याआधी काटा पडायचा. आणि आत्याने काही विचारलं, तर त्याच्याआधी उजवा काटा उठायचा.

डावा समोरच्याचा. उजवा तिचा.

"तुला काही दिसतंय का तिथे?" आत्याने बोट दाखवलं.

पुतणीने वळून पाहिलं. "काटे हलतायत. तू चालू ठेवलायस ना?"

आत्याने लोंबणारी पिन दाखवली नाही. म्हणाली, "हो. राहू दे चालू."

पुढचे चार दिवस मधलं अंतर वाढत गेलं. एकाचे दोन झाले, दोनाचे पाच, मग एक मिनिट. दूधवाला घंटा दाबून दारातला दिवा पेटवायचा, त्याआधी काट्याने त्याचं बोलणं उरकलेलं असायचं. शनिवारी घरात कोणी नसताना आत्या खुर्ची ओढून संचासमोर बसली. उजव्या काट्याने दोन झटके दिले, 'नाही' म्हणताना देतो तसे. एवढ्यात तिला काय नाही म्हणायचंय, ते तिलाही ठाऊक नव्हतं. तिने ओठ घट्ट मिटून घेतले. एक मिनिट गेलं. दोन गेली. ती एक शब्द बोलली नाही.

"जन्मभर साहेबांचं ऐकलं नाही," मग ती काट्याला म्हणाली, "तुझं ऐकेन होय? तुझी लांबीसुद्धा मी ठरवलीय, बेट्या."

रविवारी अकराला एक गृहस्थ संच बघायला येणार होते. पुतणीने परस्पर ठरवलं होतं आणि सकाळी चहाबरोबर सांगितलं होतं, अपराधी चेहऱ्याने. "नुसतं बघू दे त्यांना. जुने संच जमवतात. जीव लावून सांभाळतात गं. काचेच्या कपाटात ठेवतात."

"काचेत ठेवायला मी काय मासा बनवलाय?"

साडेदहालाच, आज चांगला अर्धा तास आधी, काटे उठले. डाव्या काट्याने बराच वेळ लांबलचक बोलणं केलं, मधूनमधून उजव्याने तुटक उत्तरं दिली. आत्या चहा थंड होऊ देत बघत राहिली. शेवटी डावा एकदा उठला, वर जाऊन थांबला, जसा प्रश्न विचारताना थांबतो. मग उजव्याने एकच झटका दिला. एकच. आणि दोन्ही काटे पडले.

नाही म्हणायला दोन झटके लागतात. एका झटक्यात होतं ते 'हो'.

"बघते," आत्या म्हणाली.

गृहस्थ अकराच्या ठोक्याला आले. माणूस वाईट नव्हता. त्यांनी संचाला हात लावण्याआधी खिशातल्या रुमालाने बोटं पुसली. नॉब हळूच फिरवून पाहिला आणि आत्याकडे वळून म्हणाले, "बाई, हा फिरवला की अजून अंगावर काटा येतो. अशा वस्तू आता कोण बनवतं?" एरवी या एका वाक्यावर तिने त्यांना जेवूनच जा म्हटलं असतं. पण ती सावध होती. तोलूनमापून उत्तरं देत होती, आणि प्रत्येक उत्तर सकाळच्या काट्याबरहुकूम निघत होतं.

मग गृहस्थांनी गुडघ्यांवर हात ठेवले, जरा पुढे झुकले. "मग, देताय ना बाई मला?"

आत्याने दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर रोवले.

"नाही," ती म्हणाली.

गृहस्थांचा चेहरा उजळला. पुतणीने हातांनी तोंड झाकलं, तिचे डोळे भरून आले.

"मी नाही म्हणाले," आत्या म्हणाली. जीभ टाळूला लागल्याचं तिला स्पष्ट कळलं. "ऐकताय का? नाही. द्यायचा नाही."

गृहस्थ उठून उभे राहिले होते. छातीवर हात ठेवून काही बोलत होते. तिला 'उपकार' एवढं वाचता आलं. पुतणी तिच्या खुर्चीपाशी खाली बसली, तिचे हात धरून म्हणाली, "आत्या, इतक्या पटकन हो म्हणशील असं वाटलंच नव्हतं गं."



दोन वर्षांत तिने स्वतःचा आवाज ऐकला नव्हता. आपण जे बोलतो तेच बाहेर पडतं, हे तिने धरून चाललं होतं. कोण नाही धरत?

पण बसून राहणं तिच्या रक्तात नव्हतं. ती हात सोडवून उठली, टेबलावरची पेन्सिल घेतली, आणि शाळेच्या फळ्यावर लिहावं तशा मोठ्या अक्षरांत कागदावर लिहिलं. पट्टीशिवाय ओढलेली शिरोरेघ, तरी केसभर वाकडी नाही.

नाही.

तिने कागद दोघांसमोर धरला.

"अगं, पण तू आत्ता हो म्हणालीस," पुतणीचे ओठ म्हणाले. "चारदा म्हणालीस."

आत्याने खाली दुसरी ओळ लिहिली: मी लिहीन तेच खरं.

गृहस्थ समजूतदार होते. काय समजले कोण जाणे; पण त्यांनी रुमाल घडी करून खिशात ठेवला, संचाकडे एकदा डोळे भरून पाहिलं आणि निघून गेले. पुतणीने कपाळाला हात लावला. मग एकदम हसायला लागली.

"तू ना, आत्या! बरं. मग जेवायचं टेबल विकू. मांडीवर ताटं घेऊन जेवू."

आत्याने तिच्या गालाला हात लावला. बोलायचं टाळलं. पुतणी कप उचलून विसळायला आत गेली.

आता खोलीत आत्या आणि संच. दोन्ही काटे शून्यावर, आज्ञाधारक मुलांसारखे. सकाळी सांगायचं ते त्यांनी सांगून टाकलं होतं, पुढचं काही त्यांच्याजवळ नव्हतं. ती त्यांच्यासमोर उभी राहिली, कमरेवर हात ठेवून. हरवलं होतं तिने त्यांना. कागदावर का होईना, हरवलं होतं.

उजवा काटा उठला.

पडला नाही. वरच्या वर डोलत राहिला, लांब, संथ. हे बोलणं नव्हतं. यात ठेका होता.

आत्याने ओठ मिटले. दात दातांवर दाबले. काटा डोलत राहिला. कसलीशी शंका येऊन तिने दोन बोटं स्वतःच्या गळ्यावर ठेवली.

कातडीखाली गळा थरथरत होता. काट्याच्या बरोबरीने, तसूभर मागेपुढे नाही.

पुतणी दारात आली. हातात अर्धा पुसलेला कप, चेहऱ्यावर नवल. "किती गोड गातेयस, आत्या," तिचे ओठ म्हणाले. "कुठलं गं हे? कधी म्हटलं नाहीस."

आत्या जन्मात कधी गायली नव्हती.

मग डावा काटा उठला. उजव्याच्या शेजारी, त्याच लयीत.

आत्याने कागद ओढला, उलटा केला आणि पेन्सिलचं टोक मोडेपर्यंत दाबून लिहिलं: तोंड मिट. कागद पुतणीच्या डोळ्यांसमोर धरला. 

पुतणीने वाचलं. समजल्यासारखी मान डोलावली. तिचे ओठ उघडले आणि गाऊ लागले, अशा शब्दांत की आत्याला त्यातला एकही वाचता येईना.