डाव्या कोपऱ्यातली अनुष्का

त्या रविवारी दुपारी मी बेव्हर्ली पार्कमध्ये एक टी-शर्ट पोचवायला निघाले होते. कुरिअर सारखं परत येत होतं आणि पत्ता माझ्या घरापासून चालत जाण्याइतका जवळ होता. म्हटलं, आपणच देऊन येऊ.

टी-शर्ट आमच्या बँडचा. 'राखरांगोळी' नाव. आम्ही मेटल वाजवतो. ड्रमवर विकी, गिटारवर नीरज आणि गाणारी मी, मृणालिनी. गाणारी म्हणजे घशातून गुरगुरणारी. माझी आई अजून त्याला गाणं म्हणत नाही. असलं संगीत आपल्याकडे रेडिओवर लागत नाही, लग्नात तर नाहीच. मग टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये सामान कोंबायचं आणि गावोगाव वाजवत सुटायचं. इंदूर, गुवाहाटी, कोची, पुन्हा इंदूर. पहिल्या खेपेला समोर वेटर सोडून कोणी नसतं. पुढच्या खेपांना पोरं आपले शब्द आपल्याबरोबर ओरडतात. विकी म्हणायचा, "थांबलो की संपलो." आणि खरंच, आमचं नाव व्हायला लागलं होतं.

टी-शर्ट मागवणाऱ्या अनुष्काच्या आईनं, सुचेताकाकूंनी, दार उघडलं. "या, आत या. अनुष्का वाटच बघतेय."

आतल्या खोलीची खिडकी बंद होती. तरी वास आला. स्टेजवर धूर सोडतात ना, त्याचा गोडसर, घशाला चिकटणारा वास. पलंगावर एक मुलगी उशीला टेकून बसली होती. मी दारातच थबकले.

तिला मी ओळखत होते. इंदूरला पहिल्या रांगेत, डाव्या कोपऱ्यात, केस मोकळे सोडून उभी. गुवाहाटीला तीच. कोचीलाही तीच. शो संपल्यावर भेटायला जावं, तर कधी सापडायची नाही.

"तू... कोचीला होतीस ना?"

ती हसली. तिचा आवाज बसलेला होता. "सगळीकडे असते, ताई."

काकूंनी मला हळूच बाहेरच्या खोलीत नेलं.

"कॉलेजात असताना घोडबंदर रोडला बाइकवरून पडली," त्या खालच्या आवाजात म्हणाल्या. "कमरेखाली काही जाणवत नाही. तेव्हापासून फक्त हॉस्पिटलला बाहेर पडते."

"मग..."

"तुमचा शो असला की संध्याकाळी झोपते. हलवलं तरी उठत नाही. सकाळी अंग घामानं भिजलेलं, आणि तळवे..." त्या थांबल्या. "तळवे सोलून निघालेले असतात. पाय न टेकणाऱ्या पोरीचे. दर वेळी थोडी वाळत चाललीय. काही दिवस शो थांबवाल का तुम्ही?"

आतून अनुष्का म्हणाली, "ताई, आईचं ऐकू नका. इथे मी छताकडे बघत पडलेली असते. तिथे मी उभी असते."

मी घरी येऊन दोघांना सांगितलं. कोणी हसलं नाही. त्यांनीही तिला पाहिलं होतंच. पुढची टूर ठरली होती, शिलाँगपासून बेंगळुरूपर्यंत. शेवटी फेस्टिवलचं मोठं स्टेज, ज्यासाठी इतकी वर्षं हाडं खिळखिळी करून घेतली ते. नीरज म्हणाला, रद्द करू.

"आधी इथे वाजवू," विकी म्हणाला. "तिच्यासाठी. खरीखुरी येऊ दे तिला. मग तिला तसं यावं लागणार नाही."

जवळच शांती नगरात वाढदिवसांसाठी देतात तो हॉल आम्ही घेतला. दुपारची वेळ, खिडक्यांना काळे पडदे. काकूंच्या शेजारच्या हिनाआपा कानात कापूस घालून आल्या. पहिल्या रांगेत व्हीलचेअरवर अनुष्का, शेजारी काकू. अनुष्का मान हलवत प्रत्येक शब्द म्हणत होती आणि काकू तिच्याकडे बघत होत्या. इतकं छान मी कधी गायले नव्हते.

मग लाइट मागच्या दाराकडे फिरला.

दाराशीही अनुष्काच उभी होती. केस मोकळे, पाय अनवाणी. आमच्याकडे बघतच नव्हती. व्हीलचेअरकडे बघत होती. माझा आवाज तुटला. मागे विकीचा ठेकाही चुकला. काकूंनी अनुष्काचे खांदे घट्ट धरले आणि तिला मागे वळू दिलं नाही.

त्यानंतर अनुष्का सुधारली. तळवे भरले, अंग धरलं. शो असला तरी संध्याकाळी जागी राहायची. "आता मी कुठे जात नाही, ताई," फोनवर म्हणाली. "कसं हलकं वाटतं."

आम्ही टूरला निघालो. शिलाँगला शोच्या आधी व्हिडिओ कॉल केला, तेव्हा ती काकूंबरोबर जेवत होती. मी तशीच स्टेजवर गेले. डाव्या कोपऱ्यात ती उभी होती.

सगळी पोरं ओरडत होती. तिचे ओठ मिटलेले होते.

प्रत्येक शहरात ती थोडी पुढे यायची. बेंगळुरूला, त्या मोठ्या स्टेजवर, ती बॅरिकेडच्या अलीकडे होती, आमच्या बाजूला. इतकी थकलेली... मला तिची भीती वाटायच्या आधी दया आली. गाणं संपलं आणि माझंच गाणं ऐकायला कानात घातलेल्या मॉनिटरमधून आवाज आला, अगदी हळू. "ताई... मला घरी कधी नेणार?"

परतताना मागची सीट सगळ्यांनी आपोआप रिकामी ठेवली. नीरजनं मागे न बघता तिथे एक चादर टाकली.

सकाळी घोडबंदर सोडून आत वळलो. विकीनं न विचारताच टेम्पो बेव्हर्ली पार्ककडे घेतला आणि काकूंच्या बिल्डिंगच्या गेटबाहेर थांबवला. उतरायचं धाडस कोणालाच होईना. तेवढ्यात माझा फोन वाजला.

"मृणाल, अनुष्का अजून उठत नाहीये गं," काकू म्हणाल्या. "आणि बेल वाजतेय. तुम्ही आलात का वर?"

मी टेम्पोत नजर फिरवली. आम्ही सगळे आत होतो. फक्त मागचं दार उघडं होतं.